शत्रूच्या भट्टीतील जयस्तंभ

इंग्लंडातील कुंभारांनी अमेरिकेच्या बाजारासाठी घडविलेली स्मारक-भांडी पाहून काही संग्राहक सद्गदित होतात. कालच्या शत्रूने केवढा हा गौरव केला, असे ते म्हणतात. आम्हांस हे मुळीच मान्य नाही.

वॉशिंग्टन 14 डिसेंबर 1799 रोजी निवर्तले आणि लिव्हरपूलच्या भट्ट्यांतून त्यांच्या समाधीची चित्रे छापलेली, साईच्या रंगाची पात्रे निघू लागली. पुढे 11 सप्टेंबर 1814 रोजी शँप्लेन सरोवरावर मॅक्डोनो याने इंग्रजांच्या आरमारी तुकडीस शरण आणले. बर्स्लेमच्या एनॉक वुड आणि पुत्र या कारखान्याने तो विजय, म्हणजे आपल्याच राजाच्या आरमाराचा पराभव, गडद निळ्या रंगात ताटांवर छापून अमेरिकेस विकला. याला औदार्य म्हणावयाचे काय? तांब्याचा पत्रा कोरावा, त्यात रंग भरून पातळ कागदावर छाप घ्यावा, तो भांड्यावर उतरवावा आणि वर काचेचा लेप द्यावा. पत्र्याला मैत्री नसते, तसे वैरही नसते.

कोणी म्हणेल, देवाची मूर्ती घडविणाऱ्या पाथरवटाच्या श्रद्धेची चौकशी आपण कोठे करतो? खरे आहे. परंतु पाथरवट शास्त्राच्या मापाने बांधलेला असतो. हीनांग मूर्ती पूजेस चालत नाही. येथे माप कोणाचे? क्लूज बंधूंचा कोब्रिज येथील कारखाना 1818 च्या सुमारास निघाला. तोवर अमेरिकन संघात किमान वीस राज्ये आली होती. त्यांच्या प्रसिद्ध ताटाच्या कडेवर मात्र पंधराच राज्यांची नावे आहेत. पंधरांना पंक्तीत पान आणि बाकीचे दाराबाहेर! तरीही ताट खपले.

दोष कुंभाराचा नाही; त्याने आपले पोट भरले. दोष ग्राहकाचा आहे. फिलाडेल्फियात टकर यांनी 1826 मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा उद्योग आरंभिला. 1838 मध्ये तो बंद पडला. विलायती निळी ताटे मात्र येतच राहिली. राज्य स्वतःचे झाले, भट्टी परक्याचीच राहिली.

संग्राहकांनी ही भांडी अवश्य जपावीत; त्यांवरील कोरीव काम खरोखर सुरेख आहे. पण त्यांच्यापुढे मैत्रीचे स्तोत्र म्हणू नये. जे राष्ट्र आपली स्मृती परक्याकडून विकत घेते, त्याला तिचे मापही परक्याच्या सोयीचेच मिळते.