आईची मांडी आणि मोटारीचा पट्टा

गावातल्या केशकर्तनालयात लहान मूल आले की कारागीर खुर्चीच्या दोन हातांवर एक आडवी फळी टाकतो आणि मुलाला त्या फळीवर बसवतो. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची, मुलाचे डोके कात्रीपर्यंत यावे म्हणून ही सोय. यात कुणालाच नवल वाटत नाही. पण मोटारीतही लहान मुलांसाठी अशीच एक उंच बैठक असते, तिला बूस्टर सीट म्हणतात, असे सांगितले की आपल्या कर्जत-खालापूरकडे लोक हसतात. शनिवार-रविवार फार्महाऊसवर येणाऱ्या मुंबईकरांची ती थेरं, असे आपण ठरवून टाकले आहे. मला हा समज चुकीचा आणि घातक वाटतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोटारीचा पट्टा मुळात कुणासाठी बेतला आहे, हे आधी पाहू. १९५९ साली व्होल्व्हो कंपनीतील निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला. त्याची सारी भिस्त हाडांवर आहे. खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसावा, वरचा खांद्यावरून छातीच्या पिंजऱ्यावर यावा. धक्का बसला की मजबूत हाडांनी तो सोसावा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हाच पट्टा लावा. खालचा भाग मऊ पोटावर चढतो, वरचा गळ्याला काचतो. मूल कंटाळून तो पाठीमागे सारते आणि मग वरचा पट्टा असून नसल्यासारखाच. बूस्टर सीट मुलाला चार बोटे उंच करते, पट्टा तिच्या बाजूच्या खाचांतून जातो आणि हाडांवर येऊन बसतो. बस्स, एवढेच तिचे काम. यात थेरं कुठे आली?

"पण आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कोणती?" हा प्रश्न मला घरात, शेजारी, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडे ऐकू आला. भावना समजते. परंतु भावनेला वजन पेलत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून क्षणाच्या दहाव्या भागात थांबली, तर पंधरा किलोचे मूल धरून ठेवायला दोनशे किलोंहून अधिक जोर लागतो. आपल्याकडे तांदळाच्या गोणी उचलणारे कमी नाहीत; पन्नास किलोच्या चार गोणी दोन हातांनी, आणि त्याही अवचित अंगावर आल्यावर, कोण अडवील? त्यात आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचेच शरीर मुलावर आदळते. आणि ५० हा वेग काही फार नाही. त्या वेगाचा आघात म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्याइतक्या उंचीवरून पडणे होय. आपल्या खालापूरवरून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर गाड्या ताशी १०० ने धावतात, तिथे हीच उंची ३९ मीटर होते.

मागच्या आसनावर पट्टा लागत नाही, हा दुसरा लाडका गैरसमज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी भारी होती. पट्टा नसेल तर भारी गाडीही काय करणार?

कायदा आहे का? आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालकासाठीची खास बैठक न लावता गाडी चालवली, तर एक हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. माझा आक्षेप त्यातल्या 'किंवा' या शब्दाला आहे. पाच वर्षांच्या पोराच्या गळ्याला काचणारा मोठ्यांचा पट्टा लावला की कायदा समाधानी! ब्रिटनमध्ये मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे, यांपैकी जे आधी होईल तोवर, खास बैठक लागते. तिथे गज मुलाच्या उंचीला लावला आहे. आपल्याकडे तसा लावायला काय हरकत आहे?

आता आपल्या मुलखाकडे येतो. इथल्या बहुतेक मुलांच्या घरी मोटार नाही. ती भाड्याच्या गाडीत बसतात. लग्नसराईत कशेळे-कडावकडून वऱ्हाड निघाले की सातांच्या गाडीत बाराजण, वर मांड्यांवर चार पोरे. चैत्रात एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याला जाताना हेच वऱ्हाड बोरघाट चढते. वाटेत शिंग्रोबाच्या देवळापाशी चालक नाणे टाकतो, हात जोडतो. त्या श्रद्धेची मी थट्टा करीत नाही. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराची कथा लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण याच परिसरात १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे झांजपथकाची बस दरीत कोसळून १३ जण गेले, तेही विसरता येत नाही. नाणे टाकून झाल्यावर दोन्ही हात मोकळेच असतात, त्यांनी पट्टा ओढायला काय हरकत आहे?

खर्चाचे म्हणाल तर पाठ नसलेली साधी बूस्टर सीट काही फार महाग नसते. वरातीच्या डीजेचा हिशेब मी इथे मांडत नाही, मित्रमंडळी रागावतील. मात्र पैसे वाचवायला उशी किंवा पाट खाली घालू नये. उशी दबते, पाट सरकतो आणि मूल पट्ट्याखालून निसटते. साधारण चार वर्षांखालच्या मुलाला तर बूस्टरही चालत नाही, त्याला स्वतःचे पट्टे असलेली वेगळी बैठक लागते. आणि जिथे फक्त कमरेचा पट्टा आहे त्या मधल्या जागेवर बूस्टर ठेवून उपयोग नाही.

प्रत्येक घराने ही बैठक विकत घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. ती गाडीमालकाने ठेवावी. गाडीत स्टेपनी असते, जॅक असतो, तशा दोन बैठका मागे पडलेल्या असाव्यात. लहान मूल आले की चालकाने काढून द्याव्यात. अडचण निराळीच आहे. आमच्या वाडीतल्या एका चालककाकांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "अरे पोरा, बैठक आणीन, पण पट्टा कुठाय?" खरेच, मागचे सगळे पट्टे नव्या सीटकव्हरच्या खाली शिवून गेले होते! स्टेशनबाहेरच्या आणखी सहा गाड्या मी पाहिल्या, चार गाड्यांत तीच गत.

म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या शिबिरात यंदा एक दिवस स्टेशनबाहेर उभे राहावे, असे मी प्राध्यापक महाशयांना सुचवले आहे. रस्ते झाडणे, बंधारा बांधणे होतच असते. एक कात्री, एक सुईदोरा आणि चालककाकांची परवानगी, इतकेच सामान लागेल. त्या दिवशी आमच्या काकांच्या गाडीचे कव्हर आम्ही दोघांनी उसवले, तेव्हा खालून तीन पट्टे निघाले, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेले.