ऑब्जेक्टांची ओळख : आधीं कागद, मग संगणक

‘जावा भाषा येते, परीक्षेंत गुणहि बरे मिळाले, पण कोणी एखादा व्यवहार सांगून त्याचा आराखडा करावयास सांगितलें, कीं हात चालत नाहीं.’ संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतों. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी आणखी एका शिकवणीची फी भरावयास निघतात. तत्पूर्वीं त्यांनीं घटकाभर इकडे लक्ष द्यावें, अशी आमची विनंति आहे. अडचण बहुधा भाषेची नसते. ती विचार करण्याच्या रीतीची असते, आणि ती रीत संगणक बंद ठेवूनहि शिकतां येते.

या रीतीस ऑब्जेक्ट-पद्धति म्हणतात. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्यें क्रिस्टेन न्यूगार्ड व ओले-योहान डाल यांस प्रत्यक्ष जगांतील व्यवहारांची नक्कल संगणकावर करावयाची होती. व्यवहारांत जे घटक वावरतात तेच प्रोग्रामांत वावरावे, प्रत्येकाजवळ स्वतःची माहिती असावी आणि स्वतःचें कर्तव्यहि असावें, अशी सोय त्यांनीं १९६७ सालच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेंत केली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रांत अ‍ॅलन के व त्यांचे सहकारी यांनीं ‘स्मॉलटॉक’ भाषा रचिली. तींत हे घटक, म्हणजेच ऑब्जेक्ट, एकमेकांस निरोप पाठवून कामें करून घेतात. व्यवहाराचें चित्र आधीं होतें, भाषा त्याच्यासाठीं आली. पुष्कळ वर्गांत हा क्रम उलटा लागतो, आणि वरील तक्रारीचें मूळ, आमच्या मतें, तेथेंच आहे.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आपलें नेहमींचें वाचनालय घेऊं. नवशिका विद्यार्थी ‘पुस्तक’ नांवाचा एक वर्ग कल्पितो आणि नांव, लेखक, परत करण्याची तारीख हें सर्व त्यांत कोंबतो. आतां त्यास विचारावें कीं, एकाच कादंबरीच्या तीन प्रती असून एक सभासदाकडे, एक कपाटांत व एक बांधणीस गेली असेल, तर तुझें ‘पुस्तक’ आहे कोठें? येथें त्याच्या ध्यानांत येतें कीं, ग्रंथ निराळा आणि प्रत निराळी. लेखकाचें नांव ग्रंथाचें. दाखल क्रमांक आणि फाटलेलें पान प्रतीचें. परत करण्याची तारीख मात्र दोहोंचीहि नव्हे. एकच प्रत वर्षानुवर्षें शेंकडों हातांतून जाते. तारीख प्रतीवर लिहिली तर प्रत्येक वेळीं मागची पुसावी लागेल. म्हणून ‘देवघेव’ हाच एक स्वतंत्र ऑब्जेक्ट मानावा लागतो, जरी तो हातांत धरतां येत नाहीं. आणि जो वाचक आपली पाळी येण्याची वाट पाहत आहे, तो प्रतीची वाट पाहतो कीं ग्रंथाची? ग्रंथाची, त्याला कोणतीहि प्रत चालते. एवढे चार प्रश्न ज्यानें स्वतः सोडविले, त्यास या विषयाचें मर्म सांपडलें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरी खोड म्हणजे ‘व्यवस्थापक’ नांवाचा एक अवाढव्य वर्ग करून सर्व कारभार त्याच्या गळ्यांत घालणें. ज्या घरांत मिठापासून लग्नकार्यापर्यंत सर्व एकाच माणसास विचारावें लागतें, तें घर तो माणूस अंथरुणास खिळला कीं थांबतें, प्रोग्रामाचेंहि तसेंच. उशिराचा दंड कोणीं काढावा? मुदत जिला ठाऊक त्या देवघेवीनें; इतरांनीं तिला विचारावें. यावर १९८९ सालीं अमेरिकेंतील केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनीं मोठी सुटसुटीत युक्ति प्रसिद्ध केली. चार इंच बाय सहा इंचांच्या कार्डावर वर वर्गाचें नांव, डावीकडे त्याचीं कर्तव्यें आणि उजवीकडे त्याचे साहाय्यक लिहावयाचे. कर्तव्यें कार्डांत मावेनाशीं झालीं, तर भार फार झाला असें समजावें. आमची तर सूचना अशी कीं, रात्रीं जेवणें झाल्यावर हीं कार्डें घरांत वांटावीं. आजीबाईंनीं ‘प्रत’ व्हावें, काकांनीं ‘देवघेव’, आणि कोणी एकानें पुस्तक मागावें. कोणास काय माहीत आहे व कोणी कोणास विचारावें, हें बोलतां बोलतां उघड होतें.

वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, या प्रकरणीं विद्यार्थी सर्वांत अधिक फसतात. ‘विद्यार्थी सभासद’ हा ‘सभासदा’चा पोटवर्ग करावा, हें वरवर पाहतां योग्य दिसतें. पण तो मुलगा उद्यां पदवी घेऊन नोकरीस लागला म्हणजे? जावासारख्या भाषेंत ऑब्जेक्टास जन्मानंतर वर्ग बदलतां येत नाहीं. यापेक्षां ‘सवलत’ हा निराळा ऑब्जेक्ट करून तो सभासदाच्या स्वाधीन करावा. काळ बदलला कीं सवलत बदलतां येते, सभासद तोच राहतो. पोटवर्ग खरा केव्हां मानावा, याची कसोटी अमेरिकेंतील विदुषी बार्बरा लिस्कोव्ह यांनीं १९८७ सालच्या व्याख्यानांत मांडिली आणि १९९४ सालीं जेनेट विंग यांच्यासह अधिक कांटेकोर केली : जेथें मूळ वर्ग चालतो, तेथें पोटवर्ग निमूटपणें चालला पाहिजे. भूमितींत चौरस हा आयतच. पण ज्या आयताची केवळ रुंदी बदलण्याची मुभा आहे, त्याच्या जागीं चौरस बसविला कीं तो मोडतो.

चिन्हांविषयीं फार लिहीत नाहीं. १९९१ सालीं जेम्स रंबॉ व त्यांच्या चार सहकाऱ्यांनीं ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मॉडेलिंग अँड डिझाइन’ हा ग्रंथ लिहिला. त्यांतील चिन्हें जुनीं झालीं, विवेचन झालें नाहीं. रंबॉ, ग्रेडी बूच आणि इव्हार जेकबसन यांच्या पद्धतींच्या मिलाफांतून निघालेली यूएमएल ही चित्रलिपि १९९७ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्यांत आकृत्यांची रेलचेल आहे. आरंभीं वर्गांची आकृति व निरोपांच्या क्रमाची आकृति या दोनच पुरेत.

आराखडा पुरा झाला म्हणजे एक नियम मुद्दाम बदलून पाहावा. समजा, वाचनालय उद्यांपासून मासिकेंहि देऊं लागलें. तर किती कार्डें खोडावीं लागतील? आणि ‘ग्रंथा’च्या जागीं कोणास बसवावें, मासिकास कीं त्याच्या एकेका अंकास?