काळीचे माप झाले, पांढरीचे राहिले

मराठवाड्यातील गाव जुन्या बोलीत दोन मातींनी ओळखले जाते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीच्या बांधावरून होणारे तंटे सर्वांच्या परिचयाचे आहेत. पांढरीतला तंटा मात्र बहुधा घराच्या भिंतीआडच राहतो. शेजाऱ्याने जुने घर पाडले, नव्या घराच्या पायासाठी चर खणला आणि तो चर हातभर आपल्या अंगणात आला, एवढीच त्याची हकीकत असते. परंतु ज्याच्या अंगणातून तो हातभर तुकडा जातो, त्याच्या न्हाणीच्या पाण्याला वाट उरत नाही, तुळशीवृंदावन हलवावे लागते, उद्या स्वतःचे घर बांधू म्हटले तर जागा अपुरी पडते. आणि रोज ज्याचे तोंड पाहावयाचे त्याच्याशी जन्माचे वैर पत्करावे लागते ते वेगळेच. जालना जिल्ह्याच्या खेड्यांत आणि शहराच्या नव्या वस्त्यांत ही तक्रार सतत कानी येते. तिला माणसाच्या हावरट स्वभावाचे फळ म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. तिचे मूळ दप्तरात आहे.

काळीचे माप फार पूर्वीच झाले. निजामाच्या राजवटीत, सालारजंगांच्या सुधारणांच्या काळात, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यातील शेतजमिनीची पाहणी सुरू झाली. सर्वे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले, नकाशे तयार झाले. सरकारला सारा हवा होता आणि सारा पिकाच्या जमिनीवर होता. पांढरीतून तसे उत्पन्न नव्हते. म्हणून गावाच्या नकाशात गावठाण हा एक कोरा तुकडा राहिला. त्यातील घरे, बोळ, अंगणे यांची रेषा कोणी ओढली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९६६ साली दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावांच्या गावठाण मोजणीची तरतूद झाली. लहान गावे मात्र तशीच राहिली. तेथील घरमालकाच्या हाती असतो तो ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. कर कोणाकडून घ्यावयाचा हे तो सांगतो. मालकी सिद्ध करण्यास तो पुरेसा नसतो, आणि हद्द कोठे संपते हे तर तो सांगतच नाही.

हा दोष इतकी वर्षे फारसा जाणवला नाही, याचे कारण जुन्या बांधणीत होते. माळवदाच्या घराची भिंत दोन-दोन हात रुंदीची. कित्येक ठिकाणी ती दोन घरांत सामाईक असे, आणि जेथे नसे तेथे मध्ये बोळ सोडलेला असे. भिंत पडली तरी त्याच जोत्यावर पुन्हा उभी राही. जोते हीच हद्द होती. १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दगडमातीच्या भिंतींचा धसका साऱ्या मराठवाड्यास दिला. पक्क्या घराची ओढ वाढली, हाती पैसा आला, आणि लोखंडी सळई तर जालन्याच्याच कारखान्यांत तयार होऊ लागली. आता जुने जोते मुळापासून उखडले जाते. दोन हातांच्या भिंतीच्या जागी नऊ इंचांची वीट येते, आणि उरलेली जागा कोणाची हा प्रश्न प्रथमच उभा राहतो. खांबाचा पाया जमिनीखाली शेजारच्या बाजूला पसरतो, वर छज्जा पुढे येतो, गच्चीचे पाणी परक्या अंगणात पडते. जुन्या घराला जी संदिग्धता सोसवत होती, ती सिमेंटच्या घराला सोसवत नाही.

शहरातील स्थिती निराळी दिसली तरी प्रश्न तोच आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, २०२३ मध्ये जालन्याला महानगरपालिका मिळाली. या चार दशकांत शहराभोवतीची शेते गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. शिक्षकांनी, कारकुनांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून असे भूखंड घेतले. मंजूर आराखडा नसलेल्या अशा भूखंडांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला, आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस त्याचा लाभ देणारी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. परंतु कागदावर नियमित झालेला भूखंड जमिनीवर आपल्या जागी असतोच असे नाही. दहा भूखंडांच्या रांगेत पहिल्या बांधणाऱ्याने फूटभर सरकून पाया घातला की पुढचा त्याच्या भिंतीपासून टेप लावतो, आणि ती चूक घरोघर सरकत अखेरच्या भूखंडावर येऊन थांबते. तेथे निवृत्तीनंतर बांधावयास निघालेल्या गृहस्थाचा त्या चुकीशी काहीही संबंध नसतो. फूट मात्र त्याचाच जातो.

अशा वेळी माणसाने जावे कोठे? ग्रामपंचायतीकडे जावे, तर १९५८ च्या अधिनियमाने तिला गावठाणातील बांधकामास परवानगी देण्याचा आणि रस्त्यावरील किंवा सार्वजनिक जागेवरील अडथळा दूर करण्याचा अधिकार दिला आहे. दोन खाजगी मालकांतील हद्द ठरविण्याचा नाही. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ हे उत्तर ठरलेले. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा, तर मोजणी ही जुन्या नकाशावरून होते. जेथे नकाशाच नाही तेथे भूकरमापकाने कशाशी ताडून पाहावे? राहता राहिले दिवाणी न्यायालय. तेथे मनाई हुकूम मिळू शकतो, जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमता येतो, झालेले बांधकाम काढून टाकण्याचा हुकूमही मागता येतो. पण या प्रत्येक उपायाची धार काळाप्रमाणे बोथट होत जाते. चर खणला असताना मागितलेली मनाई आणि स्लॅब पडल्यावर मागितलेली मनाई यांत फार अंतर आहे. डोळ्यांदेखत शेजाऱ्याचे पैसे खर्च होऊ दिले आणि वास्तुशांतीनंतर दावा लावला, तर न्यायालय पाडण्याऐवजी नुकसानभरपाईवर भागवू शकते.

त्याहूनही कठोर गोष्ट मुदतीची आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, दुसऱ्याने मालकी हक्काने आणि उघडपणे, मूळ मालकाच्या विरोधात बारा वर्षे जागा ताब्यात ठेवली, तर मूळ मालकाचा हक्कच संपुष्टात येतो. हा नियम विसंगत असून त्याचा पुनर्विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेमाजी वाघाजी यांच्या खटल्यात सुचविले होते. परंतु २०२३ च्या २८० व्या अहवालात विधी आयोगाने त्यात बदलाची गरज नसल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा ‘आज नाही तर उद्या बघू’ म्हणणाऱ्याने हे ध्यानी ठेवले पाहिजे की, कायदा त्याच्या स्वस्थतेचीही मोजदाद ठेवतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. वीतभर जागेसाठी शेजाऱ्याला कोर्टात खेचणे हा कोठला शेजारधर्म? बांधणारा प्रत्येक वेळी लबाड असतो असेही नाही. अनेकदा तोही गरजू असतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. एवढ्यात संसार मांडणाऱ्याला एक फूट जास्तीचा मोह पडला तर त्याला राक्षस ठरविण्याचे कारण नाही. पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. तीस फूट लांबीच्या अंगणातून एक फूट गेला की तीस चौरस फूट गेले. घरकुलाच्या मानाने तो एक-नवमांशाहून अधिक भाग झाला. गरिबाच्या बाबतीत वीत ही वीतभर नसतेच. आणि मुकाट्याने सोसण्याला शेजारधर्म म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. आज गिळलेला शब्द उद्या मुलांच्या भांडणात, परवा गटारीच्या पाण्यावरून आणि पुढे गावच्या निवडणुकीत बाहेर पडतो.

आपल्या परंपरेने शेजारधर्माचा अर्थ वेगळा लावला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरांच्या वादांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. अशा वादांचा निर्णय शेजाऱ्यांच्या साक्षीवर व्हावा, असे तो सांगतो. आणि दोन घरांत किती अंतर असावे, दोन वळचणींत किती अंगुळे सोडावीत, सांडपाण्याची वाट कोठून न्यावी, हेही नेमून देतो. पुढे मराठेशाहीत गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. जुन्या खरेदीखतांतील चतुःसीमा तरी काय सांगतात? पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याचा वाडा. फुटांचा आकडा त्यांत क्वचितच असतो. हद्दीचा पुरावा हा शेजारी, ही कल्पना त्यामागे आहे. शेजारी बोलता असेल तोवरच हा पुरावा जिवंत राहतो.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेचे महत्त्व येथे आहे. पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे महाराष्ट्राने तत्पूर्वीच केलेला ड्रोन मोजणीचा प्रयोग तिला उपयोगी पडला. पांढरीचे माप यातून प्रथमच होत आहे, मिळकत पत्रिका निघत आहेत, आणि ही मोठी सुधारणा आहे यात शंका नाही. तथापि तिचा सर्वांत महत्त्वाचा क्षण आकाशातील ड्रोनचा नाही. त्याआधी जमिनीवर पडणाऱ्या चुन्याच्या रेषेचा आहे. ती रेषा दोन्ही शेजाऱ्यांनी उभे राहून मान्य करावयाची असते. ड्रोन टिपतो ते जागेवर जे दिसते ते. आदल्या वर्षी सरकलेली भिंतही त्याला भिंतच दिसते. चुना पडताना जो गैरहजर राहिला, चौकशीच्या वेळी ज्याने हरकत नोंदविली नाही, त्याच्या अंगणातील अतिक्रमण सनदेसह कायम होण्याचा धोका आहे.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. शासनाने एवढे करावे की, गावठाणात असो वा महानगरपालिकेच्या हद्दीत, लगतच्या मालकांना लेखी सूचना देऊन त्यांच्या समक्ष आखणी झाल्याविना आणि त्या आखणीवर उभयतांच्या सह्या झाल्याविना पाया खणण्याची मुभा देऊ नये. यास नवे खाते लागत नाही. एक टेप, थोडा चुना, दोन पंच आणि एक कागद लागतो. आणि घरमालकाने एवढे करावे की, शेजारी जुने घर पाडू लागला त्याच आठवड्यात त्याच्या दारी जावे, जागा मोजून घ्यावी, छायाचित्र आणि पंचनामा जवळ ठेवावा. न जमल्यास पाया भरण्यापूर्वी लेखी हरकत नोंदवावी, वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि दावा दाखल झाल्यावरही लोकअदालतीत तडजोडीचा मार्ग मोकळा ठेवावा, कारण तेथील निवाड्यावर अपील नसते आणि दोन्ही घरांची पुढची वर्षे वाचतात.

जोते भरण्यापूर्वी दिलेला नकार शेजाऱ्याला कटू वाटेल. पण तो त्याचाही पैसा वाचवितो. भिंत उभी राहिल्यावर दिलेला नकार दोघांनाही महाग पडतो. शेतातील हद्दीचा दगड सरकारने रोवला, कारण त्याला सारा हवा होता. अंगणातील दगड मात्र दोन शेजाऱ्यांनी मिळून, आणि वेळेवर, रोवला पाहिजे.