‘लोक मत देणार नाहीत’ : एक सोयीस्कर सबब

२०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागला, त्या आठवड्यातील गोष्ट. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात काही मंडळी बोलत उभी होती. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची मुलगी टोरांटोत. त्यामुळे तिकडची निवडणूक आमच्याकडेही घरच्या निवडणुकीसारखी रंगते. एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, “फादर, कमला हॅरिसबाईंना आपला मुळीच विरोध नव्हता. पण एक तर बाई, त्यातून कृष्णवर्णीय. तिथल्या लोकांच्या ते पचनी पडणारच नव्हते. पक्षाने उमेदवारी देतानाच हा विचार करायला हवा होता.” सर्वांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर आम्हीही मान डोलावली. घरी परतताना त्या मान डोलावण्याची आम्हांला लाज वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुज्ञ वाचकांनी त्या गृहस्थांचे वाक्य पुन्हा एकवार वाचावे. त्यात बोलणारा स्वच्छ राहतो. पूर्वग्रह त्याचा नव्हे, ‘लोकांचा’. तो केवळ वस्तुस्थिती सांगतो आहे. परंतु हे ‘लोक’ म्हणजे कोण? प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवले, तर पूर्वग्रहाला धनी कुणीच उरत नाही. राज्य मात्र त्याचेच चालते. पिलातानेही हात धुतले होते आणि निर्णय जमावावर सोपवला होता. हात धुतल्याने निर्णय बदलला नाही.

आम्हां कॅथलिकांना तर ही भाषा अपरिचित नसावी. १९२८ साली न्यू यॉर्कचे गव्हर्नर ॲल स्मिथ हे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. मोठ्या पक्षाने उभा केलेला तो पहिला कॅथलिक. ‘हा निवडून आला तर पोप अमेरिकेवर राज्य करील’ अशा आवया उठल्या. स्मिथ पडले. देशात तेव्हा भरभराट होती आणि सत्ताधारी पक्षाला तिचे श्रेय मिळत होते. स्मिथ यांचा दारूबंदीला असलेला विरोधही अनेकांना रुचला नव्हता. पराभवाची कारणे अशी अनेक. पण पुढाऱ्यांनी त्यातून धडा घेतला तो एकच : कॅथलिक माणूस चालत नाही. पुढे ३२ वर्षे दोन्ही मोठ्या पक्षांनी कॅथलिक उमेदवार दिला नाही. एका पराभवाचा नियम झाला आणि त्या नियमाची परीक्षा घेण्याची कुणाला गरज भासली नाही.

ती परीक्षा १९६० च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियात झाली. ते राज्य बहुतांशी प्रॉटेस्टंट. तेथे पक्षांतर्गत निवडणुकीत जॉन केनेडी यांनी ह्यूबर्ट हम्फ्री यांना हरवले आणि जी मंडळी ‘आमचा विरोध नाही, पण लोक…’ म्हणत होती, त्यांची वाचा बसली. लोकांना कुणी विचारलेच नव्हते. विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले. नोव्हेंबरात केनेडी देशभरातून एक लाखाहून थोड्याच अधिक मतांच्या फरकाने निवडून आले. त्या विजयाचा आनंद जगभरच्या कॅथलिक घरांत साजरा झाला. ज्यांनी तो साजरा केला, त्यांच्या वारसांनी दुसऱ्यासमोर तेच कुंपण घालावे, हा कुठला न्याय?

आता शर्ली चिझम यांची कथा पाहावी. त्यांचे मूळ बार्बाडोस आणि गयाना येथील. आई घरकाम आणि शिवणकाम करणारी. १९६८ साली ब्रुकलिनमधून त्या अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. तेथे पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्यांचे प्रतिस्पर्धी जेम्स फार्मर हे स्वतः कृष्णवर्णीय आणि नागरी हक्कांच्या चळवळीतील नामांकित नेते होते; तरी त्यांच्या प्रचाराचा एक सूर असा, की वॉशिंग्टनला पुरुषाचा आवाज हवा. त्या मतदारसंघात नोंदलेल्या मतदारांत स्त्रियाच अधिक होत्या, हे फार्मर यांच्या ध्यानात आले नसावे.

१९७२ च्या जानेवारीत चिझम यांनी अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली. आपण कृष्णवर्णीय आहोत याचा अभिमान आहे, पण केवळ कृष्णवर्णीयांच्या उमेदवार नाही. स्त्री आहोत याचा अभिमान आहे, पण केवळ स्त्रियांच्या उमेदवार नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. परिणाम काय झाला? बहुतेक कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना ही बाई पुढे गेलेली रुचली नाही. स्त्री चळवळीतील कित्येकींनी कौतुक चिझम यांचे केले आणि पाठबळ मॅक्गव्हर्न यांना दिले. कारण तेच, ‘ती कुठे निवडून येणार?’ दूरचित्रवाणीवर बोलण्याची संधी मिळवण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. जुलैत मायामी बीच येथील अधिवेशनात त्यांना १५२ प्रतिनिधींची मते मिळाली. वर्णापेक्षा स्त्री म्हणून आपल्याला अधिक अडवले गेले, असे त्या पुढे सांगत असत. शत्रूने अडवले तर लढता येते. आपल्याच माणसांनी खेदाने मान हलवून अडवले तर काय करावे?

याच बाईंनी त्या वर्षी वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा रुग्णालयात जाऊन त्यांची भेट घेतली. त्यांचे स्वतःचे समर्थक संतापले. राजकारणात माणुसकीला किंमत मोजावी लागते, हे ठाऊक असूनही त्या गेल्या. अशा उमेदवाराला ‘निवडून न येण्याजोगी’ ठरवणाऱ्यांनी गमावले काय, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

कुणी म्हणेल, १९७२ चा काळ वेगळा होता. मग २००८ पाहू. बराक ओबामा उभे राहिले, तेव्हा आरंभी अनेक कृष्णवर्णीय मतदारच त्यांच्या पाठीशी नव्हते. गोरे लोक मत देणार नाहीत, अशी त्यांची धारणा. ३ जानेवारीला आयोवा या बहुसंख्य गोऱ्यांच्या राज्यात ओबामा जिंकले आणि ती धारणा पाहता पाहता विरली. वेस्ट व्हर्जिनियाचीच ही पुनरावृत्ती. २०१६ साली हिलरी क्लिंटन हरल्या, तो ‘बाईला लोक स्वीकारत नाहीत’ याचा पुरावा मानला गेला. वस्तुतः त्यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते पडली होती. पराभव झाला तो राज्यवार निर्वाचक मंडळाच्या पद्धतीमुळे. २०२४ साली हॅरिस यांना सुमारे साडेसात कोटी मते मिळाली आणि त्या दीड टक्क्याच्या आसपासच्या फरकाने मागे राहिल्या. बायडन यांनी जुलैच्या अखेरीस माघार घेतल्याने प्रचाराला साडेतीन महिनेच मिळाले होते, महागाईने मतदार त्रासले होते. वर्णाचा आणि स्त्रीत्वाचा अडसर नव्हताच, असे आम्ही म्हणत नाही. पण कोट्यवधींनी जो अडसर ओलांडला, त्याला अभेद्य भिंत म्हणणे हे सत्याला धरून नाही.

‘मग वर्ण आणि लिंग पाहून मत द्यायचे काय?’ असा प्रश्न आमच्यावर फेकला जाईल. नाही, असेच आमचे उत्तर आहे. मत द्यावे ते चारित्र्य, धोरण आणि कर्तृत्व पाहून. एकाची पायरी ही सर्वांची पायरी असतेच असेही नाही. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले, त्याचे मराठी माणसाला कौतुक वाटले. पण त्याच निकालाने कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइट शहराला सुमारे सात दशकांत प्रथमच स्वतःचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, हेही तितकेच खरे. तसेच एक दार उघडले म्हणजे ते उघडेच राहते असेही नव्हे. १९९२ साली कॅरल मोझली ब्राउन सिनेटवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या; १९९९ च्या आरंभी त्यांची मुदत संपली. त्यानंतर दुसरी कृष्णवर्णीय स्त्री सिनेटवर यायला २०१७ उजाडावे लागले. ती स्त्री कमला हॅरिस.

आमचा आक्षेप गुण पाहण्याला नाही. आक्षेप आहे तो गुण पाहण्यापूर्वीच उमेदवाराला बाद करण्याला, आणि बाद करून पुन्हा नि:पक्षपाताचा आव आणण्याला.

आणि अमेरिकेला नावे ठेवताना आपले अंगण झाडलेले आहे काय? गोव्यात १९७३ साली शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्यानंतर तेथेही ते दार पुन्हा मिटले. महाराष्ट्रात तर १९६० पासून २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत एकाही स्त्रीला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेता आली नाही. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. तिकीट नाकारताना सर्व पक्षांच्या ओठी एकच शब्द असतो : ‘निवडून येण्याची क्षमता’. ज्या गावांत आरक्षणामुळे बाई सरपंच झाली, तिथे लोकांनी तिला मत दिलेच ना? मग ‘लोकां’च्या नावाने आजवर कोण बोलत होते?

शेवटी आमचाही कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी पॅरिश कौन्सिलच्या सचिवपदासाठी एका भगिनीचे नाव पुढे आले होते. हिशेबात चोख, बोलण्यात स्पष्ट, गोरगरिबांच्या दारी न बोलावता जाणारी. आम्हीच म्हणालो, “आमची हरकत नाही, पण माणसे ऐकणार नाहीत.” माणसांना आम्ही विचारलेच नव्हते. ती भगिनी काही न बोलता घरी गेली आणि पुन्हा तिने आपले नाव येऊ दिले नाही. तिची क्षमा आम्ही मागितली आहे. गमावलेली वर्षे मात्र परत देता येत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी ‘लोक मत देणार नाहीत’ हे शब्द ओठी आले, तर प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे : लोकांचे राहू दे, तू देणार आहेस की नाही? देणार असशील, तर तसे चारचौघांत उघडपणे सांग. देणार नसशील, तर तेही स्वतःच्या नावाने सांग. लोकांच्या आडून बोलू नकोस.