देऊळ वाढवा, पण जुन्या दगडाला सिमेंट नको

सुगी आटोपली, हाती चार पैसे आले की गावोगाव देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक बसते. लोकवर्गणी जमते, आमदार निधीतून सभामंडप मंजूर होतो. वस्ती वाढली, सप्त्याला माणूस मावत नाही, तेव्हा मंडप हवाच. त्याबद्दल वाद नाही. पण त्याच झपाट्यात जुन्या दगडी देवळालाही सिमेंट, फरशी आणि ऑइलपेंट चढतो, तिथं घोटाळा होतो.

हेमाडपंती म्हणतात ती देवळं बहुतांशी यादवांच्या काळातली. दगडात दगड अडकवून, चुन्याशिवाय रचलेली. सातशे-आठशे पावसाळे त्यांनी काढले, कारण आत शिरलेली ओल सांध्यांतून बाहेर पडते. सांधे सिमेंटनं बुजवून वर रंग फासला की ती कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात, मूर्तींचे नाक-डोळे झडतात. शिखर पुष्कळदा नंतरचं, विटा-चुन्याचं असतं. त्याची दुरुस्ती चुन्यानंच करावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. आवारात काँक्रीट ओतून पातळी उंबऱ्याच्या वर गेली की पावसाचं पाणी गाभाऱ्यात शिरतं. शेतात आपण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतो. देवळाच्या पायाशी मात्र ते जिरू देऊ नका. उतार बाहेर काढा, चर खणायचा तो भिंतीपासून लांब. शिखरावरचं पिंपळाचं रोप कोवळं असतानाच काढा. मूळ मुरल्यावर उपटाल तर दगडही सोबत येईल.

नवा मंडप स्वतःच्या खांबांवर, स्वतंत्र पायावर उभा राहावा. जुन्या भिंतीत सळई खोचू नये, तिच्यावर स्लॅबचा भार टाकू नये. उंची शिखर झाकणार नाही इतकीच ठेवावी.

पंढरपुरात २०२४ साली विठ्ठल मंदिरात नंतर बसवलेल्या फरशा काढून मूळ दगडी काम उघडं केलं. आधी खर्चून झाकायचं आणि मग खर्चून उघडायचं, हा दुहेरी भुर्दंड आपल्या गावाला परवडेल का?

ग्रामपंचायतीनं ठरावाआधी देऊळ संरक्षित आहे का, हे पुरातत्त्व विभागाला लेखी विचारावं. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. यादीत नसलेल्या देवळाला तर गावाशिवाय राखणदार नाही. म्हणून ठेकेदाराच्या अंदाजपत्रकावर सही करण्याआधी सरपंचांनी एवढंच विचारावं: यातलं जुन्या दगडाला काय काय लागणार आहे?