परतल्यानंतरचे आठ दिवस

मैत्रिणींनो, आपल्या रामदासपेठेतून उन्हाळ्यात लेकीकडे, भावाकडे अमेरिकेला जाऊन येणं आता नवलाचं राहिलं नाही. जूनअखेर शाळा उघडायच्या, म्हणून घाईनं परतायचं आणि बॅगा उघडायच्या आत घरच्या बाईनं पदर खोचायचा. इथंच चुकतं!

नागपुरात दुपारचे १२ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे अडीच वाजलेले असतात. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. आठवडा तरी जाणारच. सकाळी थोडा वेळ गच्चीवर उजेडात बसा, दुपारची झोप अर्ध्या तासात आवरा. रात्री २ ला जाग आली म्हणून डबे घासायला काढू नका.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी हवं. कूलरच्या टाकीत पाणी साचलं असेल तर ते ओतून टाकी आतून ब्रशनं खसखसून घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची अंडी कडांना चिकटून राहतात. रवा चाळणं, कपड्यांचा ढीग थांबेल. जेवायला मुगाची खिचडी नि पापड पुरे.

आणि हो, ज्याची बॅग त्यानं रिकामी करावी. दमून सगळेच आलेत. तुमचं विमान काही वेगळं नव्हतं!