फिरायला गेलेला वेल्डर

थोडं स्पष्टच लिहितोय. गावातल्या काही जणांना झोंबेल, पण आता गप्प बसणं जमत नाही.

गेल्या आठवड्यात माझा भाचा परत आला. गेला होता दुबईला, आला मस्कतहून. हातात एक पाठीवरची सॅक, बस्स. बाकी कपडे, अंथरूण, वेल्डिंगचा चष्मा सगळं तिकडे खोलीवर राहिलं. दोन महिन्यांचा पगारही तिकडेच राहिला. आणि आपल्याकडे लोक विचारतायत, "काय रे, एवढ्या लवकर सुट्टी मिळाली?"

सुट्टी नाही हो. त्याला नोकरीच नव्हती. कागदावर तो पर्यटक होता.

आपल्या खेड-दापोली-मंडणगड पट्ट्यात "व्हिजिटवर गेलाय" हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्याचा अर्थच विसरलोय. व्हिजिट म्हणजे फिरायला. ३० किंवा ६० दिवस. या व्हिसावर तिथं काम करायला कायद्याने बंदी आहे. काम शोधा, इंटरव्ह्यू द्या, कोणी अडवत नाही. पण साइटवर उभं राहून वेल्डिंग केलंत की तुम्ही बेकायदा.

मग मालक काय करतो? "व्हिसा लागेल, प्रोसेसमध्ये आहे" म्हणत पोराला कामाला लावतो. ६० दिवस भरत आले की त्याला 'व्हिसा चेंज'ला पाठवतो. देराहून रात्री बस भरते, हत्ताच्या चौकीवरून ओमानमध्ये उतरवते. पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का. मग पलीकडे लॉजवर बसून राहायचं, नवीन व्हिजिट व्हिसाची पीडीएफ मोबाईलवर येईपर्यंत. आली की त्याच रस्त्याने परत, पुन्हा ६० दिवसांचा पर्यटक. हे आजचं नाही. पूर्वी हीच माणसं अल ऐनला लागून असलेल्या ओमानच्या बुरैमीत किंवा इराणच्या किश बेटावर अशीच दिवस मोजत बसायची.

सीमा ओलांडून परत येणं हा गुन्हा नाही. खऱ्या पर्यटकाने ती दहादा ओलांडावी. माझा राग त्या बसवर नाही, त्या बसमध्ये कामगाराला पर्यटक म्हणून बसवणाऱ्यांवर आहे.

भाच्याची पहिली फेरी नीट झाली. बसचे आणि व्हिसाचे बाराशे दिरहॅम मालकाने पगारातून कापले. पगार पंधराशे! दुसऱ्या फेरीला तो ओमानमध्ये गेला आणि पीडीएफ आलीच नाही. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. मालक फोन उचलेना. आपल्याकडचा एजंट म्हणाला, "तो तिकडचा विषय आहे." सातव्या दिवशी पोरगा मला फोनवर म्हणाला, "मामा, लॉजवाला पैसे मागतोय, काय करू?" आम्ही इथून तिकीट काढलं आणि मस्कतमार्गे घरी आणला.

आता पगारासाठी तक्रार कुठे करायची? तिथे पगार बँकेतून जावा म्हणून २००९ पासून सरकारी यंत्रणा आहे, पण ती ज्याचं वर्क परमिट आहे त्याच्यासाठी. याच्याकडे करार नाही, परमिट नाही, पगाराची पावती नाही. मालक खुशाल म्हणू शकतो, हा कोण? उद्या साइटवर हात भाजला असता तरी हेच उत्तर मिळालं असतं.

आणि गंमत बघा, तिथला कायदा कामगाराच्या बाजूने आहे. २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कामगार कायद्यात स्पष्ट आहे की भरतीचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने वसूल करायचा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड वाढवून १ लाख ते १० लाख दिरहॅम केला. पण हे कायदे ज्याच्या हातात कागद आहे त्याच्या कामाचे. म्हणून तर मालक कागदच करत नाही. हत्ताची बस त्याला स्वस्त पडते, कारण तिचं भाडं पोरगा भरतो. आणि मुदत उलटून राहिला तर रोजचा ५० दिरहॅम दंड, तोही पोराच्याच नावावर.

आता आपल्या बाजूचं बघू. भाच्याची दहावी राहिली, म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआर. असा माणूस यूएई, सौदी, कतार, ओमान वगैरे १८ देशांत कामाला जाणार असेल तर आधी सरकारची परवानगी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर होते, करार तपासला जातो, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. दोन वर्षांच्या विम्याचा हप्ता २७५ रुपये. आणि नोंदणी असलेल्या एजंटने घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये, अधिक जीएसटी.

आमच्याकडून घेतले १ लाख २० हजार. नोंदणी नाही, पावती नाही. वर पोराला पढवून पाठवलं, "एअरपोर्टवर विचारलं तर सांग, फिरायला चाललोय, नातेवाईकांकडे." म्हणजे ज्या खिडकीवर त्याला कोणी वाचवलं असतं, तिथेच त्याच्याकडून खोटं वदवून घेतलं. २७५ रुपयांचं संरक्षण चुकवायला आपण सव्वा लाख मोजले!

मला माहीत आहे, कमेंटमध्ये काय येणार. "आमचा अमुक व्हिजिटवरच गेला होता, आज त्याची स्वतःची गाडी आहे." असेल. काहींना मालक चांगला भेटतो, महिन्याभरात परमिट करून देतो. त्यांचं कौतुकच आहे. पण जो सेटल झाला तो गणपतीला येऊन गावभर दिसतो. जो लॉजवरून परत आला तो संध्याकाळच्या गाडीने उतरतो आणि घरात बसतो. त्याचा हिशोब आपण कधी मांडलाच नाही.

"इथे काम कुठे आहे, पोरांनी करायचं काय?" हा प्रश्न खरा आहे. जायला माझा विरोध नाही, मी स्वतः अकरा वर्षं आखातात काढली. पण मी कागद करून गेलो होतो. आणि तरीही बहीण विचारायला आली तेव्हा मीच तिला म्हणालो, "जाऊ दे गं, हल्ली सगळे व्हिजिटवरच जातात." ते वाक्य मला आज झोपू देत नाही. तिने गळ्यातलं गहाण ठेवलं, ते माझ्या शब्दावर.

म्हणून हात जोडून सांगतो, पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. एक, एजंटचा नोंदणी नंबर काय? तो ई-मायग्रेटवर स्वतः तपासा. दोन, व्हिसा एम्प्लॉयमेंटचा आहे की व्हिजिटचा? "तिकडे गेल्यावर बदलून देतो" हे उत्तर आलं की उठून या. तीन, ऑफर लेटरवर पगार, काम आणि कंपनीचं नाव लिहिलंय का? शंका आली तर परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय मुंबईतच आहे, एका रात्रीच्या गाडीवर.

आणि आपल्या सरपंचांना, सदस्यांना माझी मागणी: पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. नोंदणी असलेले एजंट कसे ओळखायचे हे पंचायतीच्या फलकावर लावा. त्याला निधी लागत नाही.

भाचा आता ठीक आहे. काल तालुक्याला एका वर्कशॉपमध्ये विचारून आला. पण त्याच एजंटकडे आपल्याच वाडीतली अजून दोन पोरं पासपोर्ट देऊन बसलीत. त्यांच्या घरच्यांपर्यंत ही पोस्ट पोचवा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.